रेघ आणि रेषा : सहावीच्या भूमितीची सुरुवात

पाटीपेन्सिल

बिंदू, रेषा, रेषाखंड, किरण, प्रतल, कोन. सहावीत हे संबोध एक-दोन तासिकांत उरकले जातात आणि नववीत पुन्हा भेटतात. दहावीत सिद्धता लिहिताना अडणाऱ्या मुलाच्या चुका मागे मागे शोधत गेलं, तर पुष्कळदा मूळ इथेच सापडतं. घरी किंवा वर्गात शिकवणाऱ्यांसाठी हा धागा. ज्यांना ज्या भागाचं बारकाईने माहीत आहे, त्यांनी त्यात भर घालावी.

गोंधळाची पहिली गाठ आपल्या रोजच्या बोलण्यातच आहे. आपण मुलांना 'रेघ ओढ' म्हणतो. रेघेला सुरुवात असते, शेवट असतो, जाडीही असते. भूमितीतल्या रेषेला यातलं काहीच नसतं. म्हणजे मूल ज्याला रेघ म्हणतं त्याचं भूमितीतलं नाव रेषाखंड, आणि पुस्तक ज्याला रेषा म्हणतं ती त्याने कधीच काढलेली नसते. टिंब आणि बिंदूचंही तसंच. टोकदार पेन्सिलीचं टिंबसुद्धा अर्धा मिलिमीटरभर रुंद असतं. ते टिंब ही बिंदूची खूण आहे, बिंदू नव्हे.

हे नुसतं सांगून पटत नाही, करून पटतं. कोऱ्या कागदावर जाड स्केचपेनने ४-५ मिलिमीटर रुंदीची दोन टिंबं ५ सेंमी अंतरावर काढा. चार मुलांना चार रंगांच्या पेन्सिली देऊन 'दोन्ही टिंबांतून जाणारी रेषा काढा' म्हणा. चार वेगळ्या रेषा येतील आणि चारही बरोबर असतील. मग तेच बारीक टोकाच्या टिंबांनी करा. चारही रेषा जवळपास एकमेकींवर बसतात. आता विचारा, टिंब अजून बारीक केलं तर? आणखी बारीक? 'दोन बिंदूंतून एक आणि एकच रेषा जाते' हे वाक्य खरं ठरायचं असेल तर बिंदूला रुंदी असून चालणारच नाही, हे मुलं स्वतः म्हणतात. बिंदूला लांबी-रुंदी-जाडी नसते ही पाठ करायची ओळ मग पाठ करावी लागत नाही.

दुसरी गाठ लिहिण्यात. (पुस्तकात बिंदूंना इंग्रजी मोठी अक्षरं असतात, इथे टाइप करताना अ, ब, क, ड वापरते.)

रेषा अब : दोन्ही टोकांना बाण. रेषा बअ म्हटलं तरी तीच.
रेख अब (रेख म्हणजे रेषाखंड) : बाण नाही. रेख बअ म्हटलं तरी तोच.
किरण अब : एकच बाण, ब च्या पलीकडे. किरण बअ हा वेगळा किरण.

किरणात पहिलं अक्षर आरंभबिंदूचंच असलं पाहिजे. वह्या तपासताना सगळ्यात जास्त लाल शाई यावर आणि 'रेषा अब = ५ सेंमी' या वाक्यावर खर्च होते. रेषेला लांबी नाही, लांबी रेषाखंडाला असते. 'रेषा अब = ५ सेंमी' हे सहावीतच खोडलं नाही तर नववीत 'रेषेचा मध्यबिंदू' असा शब्दप्रयोग हमखास येतो.

निळीशाई

चांगला धागा, ताई. शब्दांबद्दलच दोन गोष्टी.

सेमी-इंग्रजीच्या मुलांना शाळेत लाइन, सेगमेंट, रे हे शब्द येतात आणि घरी आपण रेषा म्हणतो. अशा घरात एक छोटं कोष्टक भिंतीवर लावलेलं बरं : लाइन म्हणजे रेषा, सेगमेंट म्हणजे रेषाखंड (लिहिताना रेख), रे म्हणजे किरण, प्लेन म्हणजे प्रतल, व्हर्टेक्स म्हणजे शिरोबिंदू. घरी 'लाइन मोज' म्हणालात की शाळेतली मेहनत वाया. लाइन मोजता येत नाही.

दुसरा शब्द 'कर्ण'. काटकोन त्रिकोणात काटकोनासमोरची बाजू म्हणजे कर्ण, आणि चौकोनात समोरासमोरचे शिरोबिंदू जोडणारा रेषाखंड तोही कर्ण. इंग्रजीत या दोहोंना वेगळी नावं आहेत, मराठीत एकच. आयत एका कर्णाने कापला की दोन काटकोन त्रिकोण होतात आणि आयताचा कर्ण दोघांचाही कर्ण होतो, तिथे शब्द छान जुळतो. पण कुठल्याही तिरप्या चौकोनाच्या कर्णाला पायथागोरस लावणारी मुलं याच शब्दाने फसलेली असतात. 'त्रिकोणाचा की चौकोनाचा?' हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारायची सवय लावा.

तिफण

माझा मात्र मूळ क्रमालाच आक्षेप आहे. बिंदूपासून सुरुवात का? बिंदू कुणी पाहिलेला नाही. मुलाच्या हातात चहाच्या पुड्याचा किंवा बुटांचा खोका द्या. खोका ही वस्तू. त्याची बाजू म्हणजे पृष्ठ, सपाट, हात फिरवता येतो. दोन पृष्ठं मिळतात तिथे कड. तीन कडा मिळतात तिथे कोपरा, म्हणजे शिरोबिंदू. पृष्ठ सर्व दिशांनी पसरत नेलं की प्रतल, कड दोन्हीकडे लांबवली की रेषा, कोपरा म्हणजे बिंदू. वस्तूकडून बिंदूकडे उतरायचं.

मोजायला लावा : ६ पृष्ठं, १२ कडा, ८ शिरोबिंदू. मग कुठल्याही एका कडेवर लाल खूण करा आणि उरलेल्या ११ कडांची वाटणी करायला सांगा. ४ कडा लाल कडेला टोकाशी मिळतात. ३ तिला समांतर असतात. आणि ४ अशा उरतात की त्या कितीही वाढवल्या तरी लाल कडेला मिळत नाहीत, पण समांतरही नाहीत. या ४ कडा सापडल्या की समांतर रेषांच्या व्याख्येतले 'एकाच प्रतलातील' हे शब्द कशासाठी आहेत ते कळतं. बहुतेक मुलं ते शब्द गाळून 'एकमेकींना न छेदणाऱ्या रेषा म्हणजे समांतर रेषा' एवढंच लिहितात आणि एक गुण घालवतात. वही सपाट असल्यामुळे त्यांना ते शब्द उगाचच वाटतात. खोका हातात असला की नाही वाटत.

शून्यकोन

तिफण, दोन्ही क्रम प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडमध्येच आहेत. त्याच्या 'एलिमेंट्स'च्या पहिल्या पुस्तकात २३ व्याख्या आहेत. पहिली : ज्याला भाग नाही तो बिंदू. दुसरी : रुंदी नसलेली लांबी म्हणजे रेषा. हा बिंदूकडून वर चढणारा क्रम. पण तिसरी व्याख्या सांगते की रेषेची टोकं म्हणजे बिंदू, आणि सहावी सांगते की पृष्ठाच्या कडा म्हणजे रेषा. हा तुमचा खोक्याचा क्रम. शिकायला उतरता क्रम बरा, सिद्ध करायला चढता.

यात पाटीपेन्सिल ताईंच्या मुद्द्यालाही जोड आहे. युक्लिडच्या रेषेला टोकं आहेत, म्हणजे त्याची 'सरळ रेषा' आपल्या भाषेत रेषाखंडच. ती हवी तितकी वाढवता येते हे त्याने वेगळं, दुसरं गृहीतक म्हणून मांडलं. तेव्हा रेघेला रेषा समजणारं मूल काही भलतंच करत नाही, ते सुमारे इसवी सनपूर्व ३०० च्या भाषेत बोलतंय. त्याला 'चूक' म्हणण्याऐवजी 'ही रेघ दोन्हीकडे वाढवत राहा, थांबू नको' असं सांगितलं की ते रेषेपर्यंत पोचतं. बाणाचा अर्थ तेवढाच आहे : इथे थांबलेलो नाही.

मोरपंखी

मुलगी सहावीत आहे. तिचा प्रश्न : बिंदूची व्याख्या 'ज्याला भाग नाही', मग 'भाग' म्हणजे काय? आणि त्या शब्दाचा अर्थ सांगितला तर त्या अर्थातल्या शब्दाचा अर्थ काय? मला उत्तर देता आलं नाही.

शून्यकोन

फार योग्य प्रश्न आहे, तिला तसं जरूर सांगा. शब्दकोशात 'वाटोळा' पाहिला तर 'गोल' सापडतो आणि 'गोल' पाहिला तर 'वाटोळा'. प्रत्येक शब्दाची व्याख्या करायची म्हटलं की एक तर फिरून तिथेच येतो, नाहीतर कधीच थांबत नाही. म्हणून काही शब्द व्याख्येशिवाय स्वीकारायचे आणि त्यांनी कसं वागायचं याचे नियम ठरवायचे. जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्टने १८९९ मध्ये भूमितीची पायाभरणी नव्याने केली तेव्हा बिंदू, रेषा आणि प्रतल हे शब्द अव्याख्यातच ठेवले. 'दोन भिन्न बिंदूंतून एकच रेषा जाते' हा असा वागण्याचा नियम. रेषाखंड, किरण आणि कोन यांच्या व्याख्या मात्र करता येतात, कारण त्या या तीन शब्दांवर उभ्या राहतात.

सहावीच्या मुलीला एवढं पुरे : बुद्धिबळात उंट म्हणजे काय याची व्याख्या कुणी विचारत नाही, तो तिरका चालतो एवढं माहीत असलं की खेळता येतं.

जाता जाता, 'रेखा' शब्दाला आपल्याकडे वेगळाच मान आहे. अठराव्या शतकात सवाई जयसिंहांच्या दरबारातल्या जगन्नाथ पंडितांनी नसीरुद्दीन तुसीच्या अरबी पाठावरून युक्लिड संस्कृतात आणला, त्या ग्रंथाचं नाव 'रेखागणित'. आणि त्याच्याही कितीतरी आधीच्या शुल्बसूत्रांतला 'शुल्ब' म्हणजे दोरी. यज्ञवेदी आखायची ती खुंट्या आणि दोरीने.

ओळंबा

खुंट्या आणि दोरी आजही तीच आहे. घराचा पाया आखताना दोन खुंट्यांना दोरी ताणून बांधतात. एका खुंटीला बांधलेली दोरी कुठेही फिरते, दुसरी खुंटी ठोकली की ती एकाच जागी बसते. एका बिंदूतून असंख्य रेषा, दोन बिंदूंतून एकच. हे दाखवायला अंगण आणि सुतळी पुरते.

पण मला सांगायचंय ते कंपासपेटीतल्या साहित्याबद्दल. मुलं नियम पाठ करतात आणि वाकडी पट्टी वापरतात. त्याच नियमांनी पट्टी तपासता येते, हे कुणी दाखवत नाही.

पट्टी सरळ आहे का? कागदावर १४ सेंमी अंतराने दोन बारीक टिंबं काढा. पट्टीच्या एका कडेने ती जोडा. आता पट्टी टोकाकडून टोकाकडे फिरवा, म्हणजे डावं टोक उजवीकडे येईल, आणि तीच कड रेषेच्या दुसऱ्या बाजूने टिंबांना लावून पुन्हा रेघ ओढा. कड सरळ असेल तर दोन रेघा एकमेकींवर बसतात. मध्ये भिंगासारखी फट दिसली तर पट्टीला पोक आहे, आणि खरा पोक फटीच्या निम्मा. 'दोन बिंदूंतून एकच रेषा' हा नियम इथे तपासनीसाचं काम करतो.

गुण्या काटकोनात आहे का? पट्टी पक्की धरा, तिला गुण्या टेकवा, एका बिंदूतून उभी रेघ ओढा. गुण्या पालथा करून त्याच बिंदूतून पुन्हा उभी रेघ ओढा. सरळ कोन १८०° चा, त्याचे दोन सारखे भाग ९०° चे. दोन रेघा जुळल्या तर गुण्या बरोबर. १० सेंमी उंचीवर त्यांच्यात २ मिलिमीटर फट असेल तर रेघांमधला कोन जवळपास १.१५°, म्हणजे गुण्याची चूक त्याच्या निम्मी, ०.६° च्या आत. वहीत एवढ्याने बिघडत नाही. बांधकामात बिघडतं : अर्ध्या अंशाची चूक ३० फूट लांबीच्या भिंतीच्या टोकाला सुमारे ३ इंच होते. म्हणून पाया आखताना हातातल्या गुण्यावर कुणी विसंबत नाही. एका दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजून खुणा करतात आणि तिरकं अंतर बरोबर ५ फूट येईपर्यंत दुसरी दोरी सरकवतात. मोठ्या पायाला ६-८-१० किंवा ९-१२-१५ घेतात, कारण माप जितकं मोठं तितकी खुणेची चूक कोनात कमी उतरते. शेवटी दोन्ही कर्ण मोजतात. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि कर्णही सारखे, तरच आयत.

पाटीपेन्सिल

ओळंबादादा, पट्टी फिरवून तपासण्याची कृती फार आवडली. पट्टीबद्दलच अजून एक : पुष्कळ पट्ट्यांचा शून्य अगदी कडेवर नसतो, ३-४ मिलिमीटर आत असतो, आणि मुलं कड लावून मोजतात. जिथे शून्य कडेवरच असतो तिथे कोपरा झिजलेला असतो. त्यामुळे १ पासून मोजून १ वजा करायला शिकवा, म्हणजे 'अंतर = मोठा आकडा वजा लहान आकडा' हे आपोआप येतं. टोकं २.३ आणि ७.८ वर असली तर लांबी ५.५ सेंमी. पुढे संख्यारेषेवर -२ आणि ५ यांतलं अंतर विचारलं की मुलं ३ सांगतात. पट्टीवर वजाबाकी केलेलं मूल ५ - (-२) = ७ पर्यंत लवकर पोचतं.

खुणा मोजू नयेत, घरं मोजावीत, हेही सांगावं लागतं. २ ते ६ मध्ये खुणा ५ आहेत आणि सेंटिमीटर ४.

निळीशाई

एक प्रश्न वर्गात नेहमी वाद घालायला लावतो. एका रेषेवर अ, ब, क, ड असे चार बिंदू याच क्रमाने आहेत. रेषाखंड किती, किरण किती, आणि या रेषेला नावं किती? मार्गदर्शकांत किरणांचं उत्तर कुठे ६ असतं, कुठे ८.

शून्यकोन

रेषाखंड ६ : अब, अक, अड, बक, बड, कड. चारांतून दोन निवडायचे, क्रमाला महत्त्व नाही.

रेषेची नावं १२, कारण नाव लिहिताना क्रम बदलला की नाव वेगळं होतं. रेषा तीच राहते. एकच लहान अक्षर वापरून तिला आणखी एक नाव देता येतं, ते यात धरलेलं नाही.

किरणांत दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, प्रश्न वेगवेगळे आहेत. प्रत्येक बिंदूपासून दोन दिशांना एकेक किरण निघतो, म्हणून ४ × २ = ८ किरण अस्तित्वात आहेत. पण नाव द्यायला किरणावर दुसरा एक बिंदू लागतो. अ पासून ब च्या विरुद्ध दिशेला जाणाऱ्या किरणावर दिलेला एकही बिंदू नाही, ड च्या पलीकडेही नाही. या दोघांना दिलेल्या अक्षरांनी नाव देता येत नाही, म्हणून 'नावं लिहा' म्हटलं तर ६. मुलं १२ लिहितात तिथे खरी चूक असते : किरण अब, किरण अक आणि किरण अड हे तिन्ही एकच आहेत. आरंभबिंदू एक, दिशा एक, किरण एक.

याच जातीचा दुसरा प्रश्न : एका प्रतलात तीन भिन्न रेषा, छेदनबिंदू किती? पटकन ३ म्हणतात. सगळ्या समांतर असतील तर ०. तिन्ही एकाच बिंदूतून जात असतील तर १, अशा रेषांना एकसंपाती म्हणतात. दोन समांतर आणि तिसरी त्यांना छेदणारी असेल तर २. उरलेल्या सगळ्या वेळी ३. तीन काड्या टेबलावर टाकून मुलांना चारही प्रकार मांडायला सांगा.

तिफण

प्रतलाचं राहून गेलं. कुठल्याही तीन बिंदूंतून एकच प्रतल जातं. तीन दगडांच्या चुलीवर पातेलं डुगडुगत नाही ते याचमुळे. दगड लहान-मोठे असले तर पातेलं कललेलं बसेल, पण डुगडुगणार नाही. चार पायांची खुर्ची डुगडुगते, कारण चौथ्या पायाचं टोक पहिल्या तिघांच्या प्रतलात असेलच असं नाही.

शून्यकोन

उदाहरण छान, एक दुरुस्ती : 'कुठल्याही' नव्हे, 'नैकरेषीय' तीन बिंदूंतून. एका रेषेत असलेल्या तीन बिंदूंतून असंख्य प्रतलं जातात. दाराला तीन बिजागऱ्या असल्या तरी दार फिरतंच, कारण तिन्ही एका उभ्या रेषेत आहेत. दार जितक्या जागी उघडून थांबवाल तितकी प्रतलं. कडी लावली की त्या रेषेबाहेरचा एक बिंदू पक्का होतो आणि दार एकाच प्रतलात अडकतं.

तिफण

मान्य. बिजागरीचं उदाहरण चुलीच्या शेजारी ठेवलं तर 'नैकरेषीय' शब्द कशाला हवा ते लगेच कळतं. चुलीचे तीन दगड एका ओळीत मांडून पातेलं ठेवायला सांगावं (रिकामं!).

मोरपंखी

कोन मोजताना मुलीचे ४० चे १४० होतात. शिवाय दर वेळी दोन-तीन अंश इकडेतिकडे येतात. कोनमापक बदलून पाहिला.

पाटीपेन्सिल

या दोन वेगळ्या चुका आहेत, वेगळ्या सोडवू.

४० चे १४० होतात कारण कोनमापकावर आकड्यांच्या दोन ओळी असतात आणि मूल नेहमी बाहेरची वाचतं. आतली की बाहेरची हे पाठ करण्याजोगं नाही. कोनाची जी भुजा आधाररेषेवर आहे, तिच्यावर ज्या ओळीचा ० येतो ती ओळ धरायची आणि तिथून १०, २०, ३० असं बोट फिरवत दुसऱ्या भुजेपर्यंत जायचं. त्याआधी डोळ्यांनी ठरवायचं : काटकोनापेक्षा लहान की मोठा? लघुकोन दिसतोय आणि उत्तर १४० आलं तर वाचन पुन्हा. हा अंदाज मोजण्याच्या आधी वहीत लिहायला लावा.

दोन-तीन अंशांची चूक बहुधा मांडणीची. अर्धवर्तुळी कोनमापकाची सपाट कड म्हणजे आधाररेषा नव्हे. ० आणि १८० जोडणारी रेषा कडेच्या काही मिलिमीटर आत असते, केंद्राची खूणही तिच्यावरच. मुलं कड भुजेवर ठेवतात, त्यामुळे केंद्र शिरोबिंदूवरून सरकतं. दुसरं कारण आखूड भुजा. भुजा कोनमापकाच्या आकड्यांपर्यंत पोचत नसेल तर नजरेने वाढवू नये, पट्टीने वाढवावी. कोनाच्या भुजा किरण आहेत, वाढवल्याने माप बदलत नाही. हे न पटलेली मुलं 'लांब भुजांचा कोन मोठा' म्हणतात. घड्याळाचे काटे दाखवा : भिंतीवरच्या आणि मनगटावरच्या घड्याळात ३ वाजता कोन ९०° च.

आणि पेन्सिल. ५ सेंमी लांब भुजेच्या टोकाशी १ मिलिमीटरचा फरक म्हणजे सव्वा अंशाच्या आसपास चूक. १० सेंमी भुजेवर तोच फरक अर्ध्या अंशापर्यंत उतरतो. भुजा लांब काढा, पेन्सिल टोकदार ठेवा.

नाव लिहिताना शिरोबिंदू मध्ये : ∠अबक चा शिरोबिंदू ब. एका शिरोबिंदूपाशी तीन-चार किरण असले तर नुसतं ∠ब लिहून चालत नाही, कुठला कोन ते कळत नाही.

१८०° पेक्षा मोठा प्रविशाल कोन असेल तर आतला कोन मोजून ३६० मधून वजा करा.

निळीशाई

कोनमापकाशिवाय काटकोन : कसाही फाटलेला कागद घ्या, एक घडी घाला. घडीची कड स्वतःवरच बसेल अशी दुसरी घडी घाला. कोपरा ९०° चा. कागदाच्या कडा वाकड्या असल्या तरी काटकोन बरोबर येतो, कारण पहिल्या घडीचा सरळ कोन दुसऱ्या घडीने दुभागला. अजून एक घडी, ४५°. हा कागद खिशात ठेवून मुलं घरभर लघुकोन-विशालकोन शोधत फिरतात.

ओळंबा

कंपासबद्दलही लिहितो. निम्म्या चुका सैल स्क्रूच्या. वर्तुळ सुरू केलं तिथे परत मिळालं नाही, तर आधी सांध्याचा स्क्रू आवळा. पेन्सिलीचा तुकडा ७-८ सेंमीचा असावा, लांब पेन्सिलीचं वजन पाय ओढतं. पाय मिटल्यावर सुईचं टोक शिशापेक्षा किंचित पुढे हवं, कारण सुई कागदात रुतते. खाली वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या ठेवा, कडक टेबलावर सुई घसरते. हात वरच्या मुठीवर, पायांना धरू नये.

तपासणी : ५ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा, कंपास न हलवता परिघावर त्याच अंतराच्या खुणा करत जा. सहावी खूण पहिल्या बिंदूवरच पडली पाहिजे. केंद्र आणि लगतच्या दोन खुणा यांचा समभुज त्रिकोण होतो, कोन ६०° चा, ६ × ६० = ३६०. दर खुणेला अर्धा मिलिमीटर चुकलं तर शेवटी ३ मिलिमीटर फट दिसते, म्हणून लपलेली चूक इथे उघडी पडते. ६०° चा कोन रचताना तेच कंस वापरतात, निराळं काही नाही.

मोरपंखी

रेषाखंडाचा लंबदुभाजक काढताना 'निम्म्यापेक्षा जास्त अंतर घ्या' लिहिलंय. किती जास्त? तिने ६ सेंमीच्या रेषाखंडाला ३.१ घेतलं आणि रेषा तिरकी आली.

शून्यकोन

नियमाने ३.१ चालतं, हाताला चालत नाही. दोन कारणं. ३.१ घेतलं तर कंस रेषाखंडाच्या वर आणि खाली जेमतेम ०.८ सेंमीवर छेदतात, म्हणजे दोन छेदनबिंदूंत दीड सेंमीच अंतर. इतक्या जवळच्या बिंदूंतून रेषा ओढली की अर्ध्या मिलिमीटरची चूकही तिला तिरकी करते. शिवाय ते कंस एकमेकांना सुमारे २९° त छेदतात, त्यामुळे पेन्सिलीच्या जाडीचा एक लांबट डाग होतो आणि नेमका छेदनबिंदू कुठला ते कळत नाही.

४.५ घ्या. छेदनबिंदू ३.३५ सेंमीवर जातात, दोघांत साडेसहा सेंमीहून जास्त अंतर, आणि कंस जवळपास काटकोनात छेदतात, डाग नाही, ठिपका. नेमका काटकोन हवा असेल तर ४.२४, म्हणजे लांबीच्या ०.७ पटीच्या आसपास. व्यवहारात पाऊण लांबी लक्षात ठेवायला सोपी. ३ पेक्षा कमी घेतलं तर कंस मिळणारच नाहीत. आणि दोन्ही टोकांपासून अंतर तेच राहिलं पाहिजे, मध्ये कंपास सरकला तर रेषा मध्यातून जाणार नाही.

निळीशाई

मोबाइलवर जिओजेब्रा हे भूमितीचं अ‍ॅप वापरत असाल तर तिथेही हेच सगळे भेद पाळलेले आहेत. रेषा, रेषाखंड, किरण यांची साधनं वेगळी आहेत. किरण काढताना पहिला स्पर्श आरंभबिंदूला. काढून झाल्यावर बिंदू बोटाने ओढून पाहा : रेषेवरचा बिंदू हलवला की अख्खी रेषा फिरते.

मोरपंखी

तिथे तिला ४० ऐवजी ३२० मिळालं.

निळीशाई

बिंदू उलट्या क्रमाने दाबले गेले. जिओजेब्रा पहिल्या भुजेपासून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजतं, शिरोबिंदू मध्ये. ∠अबक साठी अ, ब, क दाबल्यावर ३२० आलं तर क, ब, अ या क्रमाने दाबा, ४० येईल. दोन्ही उत्तरं त्याच दोन किरणांची आहेत, एक आतल्या बाजूने, एक बाहेरून. तिला ती दोन्ही मिळवून बेरीज करायला सांगा.